शहारा आणि तिटकारा

दुपारी आई मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडायला बसली की मी हातातलं टाकून तिच्या शेजारी जाऊन बसायचे. बोटांनी दाणे सारल्याची बारीक सरसर, मधूनच नख सुपाला घासायचं, खडा ताटलीत टप्‌कन पडायचा. थोड्या वेळाने डोक्याच्या मागे, केसांच्या मुळाशी मुंग्या उठायच्या आणि मानेवरून पाठीच्या कण्याने खाली उतरायच्या. डोळे जड व्हायचे. हे सगळ्यांनाच होतं, असं मी कित्येक वर्षं धरून चालले होते. आणि तीच मी, शेजारी कोणी मचमच करत जेवायला लागलं की ताट उचलून दुसऱ्या खोलीत जायचे. त्यापायी पुष्कळ बोलणी खाल्ली.

या मुंग्यांना २०१० साली जेनिफर ॲलन या अमेरिकन महिलेने ‘ऑटोनॉमस सेन्सरी मेरिडियन रिस्पॉन्स’ असं नाव दिलं. एएसएमआर हे त्याचं लघुरूप. नाव भारदस्त आहे, पण ते कुठल्या प्रयोगशाळेतून आलेलं नाही, हा टीकाकारांचा मुद्दा मला मान्य आहे. तेवढ्यावरून अनुभवच खोटा ठरवणं मला मान्य नाही.

हे सगळे मनाचे खेळ, असं म्हणणाऱ्यांनी शेफील्ड विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१८ चा अभ्यास पाहावा. अशा मुंग्या येणाऱ्या आणि न येणाऱ्या लोकांना त्यांनी कुजबूज आणि असे हलके आवाज असलेल्या, मुंग्या आणण्यासाठीच केलेल्या त्याच चित्रफिती दाखवल्या. ज्यांना मुंग्या येतात, त्यांच्या हृदयाचे ठोके मिनिटाला सरासरी ३.१४ ने उतरले. न येणाऱ्यांपेक्षा ही घट जास्त होती. त्याच वेळी त्यांच्या त्वचेची विद्युतवाहकता मात्र वाढली, म्हणजे शरीर निवत होतं आणि जागंही होत होतं. सोंग आणणारा तोंडाने वाटेल ते सांगेल. ठोके आणि कातडी अशी एकाच वेळी दोन दिशांना नेणं त्याला सहजी जमायचं नाही. तीन ठोक्यांचा फरक लहान आहे, आणि त्यावरून कोणी याला औषध म्हणू लागलं तर त्यालाही मी विरोधच करीन. पण लहान म्हणजे खोटा नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक अपमानाचा. कुजबूज आली म्हणजे त्यात चोरटं, कामुक काहीतरी असणारच, असं धरलं जातं. चीनमध्ये तर २०१८ च्या जूनमध्ये अश्लीलताविरोधी कार्यालयाने असं साहित्य हटवण्याचे आदेश दिले. सरसकट संशय घ्यायला आधार काय? स्वान्सी विद्यापीठातल्या एमा बॅरट आणि निक डेव्हिस यांनी २०१५ साली ४७५ जणांची पाहणी प्रसिद्ध केली. ९८ टक्के लोक विश्रांतीसाठी हे ऐकत होते, ८२ टक्के झोप यावी म्हणून. लैंगिक उत्तेजनासाठी ऐकणारे होते ५ टक्के. पुष्कळांना पहिला अनुभव पाच ते दहा या वयात आला होता. कुजबुजीच्या खालोखाल मुंग्या आणणारी गोष्ट होती, कोणीतरी आपल्याकडे निवांत लक्ष देणं. मला ते वाचताना आमची कासारीण आठवली. माझा हात हातात घेऊन ती अंगठ्याचं मूळ हलकेच दाबत बांगडी चढवायची. काचा एकमेकींवर किणकिणायच्या, ती हळू आवाजात काहीबाही पुटपुटत राहायची, आणि माझी मान आपोआप कलायची. सात-आठ वर्षांच्या मुलीच्या त्या सुखात गलिच्छ काय होतं?

खरा वाद तिसऱ्या वाक्याशी आहे, कारण ते आपल्याच घरात बोललं जातं: इतकं नाजूक राहून कसं चालेल, सवय लावून घे. एखादीच्या पाठीवर येणाऱ्या मुंग्यांचं कौतुक होतं, आणि तिलाच चहाचा भुरका सहन झाला नाही की ती उद्धट ठरते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेतच कुठे? काही विशिष्ट आवाजांनी अंगाची लाही होते, त्याला २००१ पासून ‘मिसोफोनिया’ हा शब्द आहे. २०१८ च्या एका अभ्यासात मुंग्या अनुभवणाऱ्यांमध्ये हा त्रास इतरांपेक्षा जास्त आढळला. पुढे २०२२ मध्ये ज्युलिया पोएरियो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्याची संवेदनशीलता मुळात तीव्र, त्यालाच या मुंग्या येण्याची शक्यता जास्त, आणि त्या तीव्रही जास्त. दार उघडं आहे ते दोन्हींना. सरसर आत येते त्याच दाराने मचमचही येते, आणि दार लावून घ्यायची कडी आमच्या हाती नाही. सवयीचं म्हणाल तर मी ती चाळीस वर्षं लावून पाहिली आहे. मला फक्त दात आवळून बसायची सवय लागली.

आपल्या परंपरेला हे अगदीच परकं नाही. भरताच्या नाट्यशास्त्राने आठ सात्त्विक भावांत रोमांच मोजला आहे. तान ऐकून येणारा काटा आणि माझ्या मुंग्या एक नव्हेत. तो झर्रकन येऊन अंग पेटवतो, या सावकाश उतरतात आणि निववतात. पण अंग शहारतं ही दखल घेण्याजोगी गोष्ट आहे, हे आपण फार पूर्वी मानलं होतं.

माझी पुतणी नऊ वर्षांची आहे. गेल्या महिन्यात सगळे जेवत असताना तिने कानांवर हात ठेवले आणि तिला बोलणी बसायला लागली. मी तिचं ताट उचललं, माझंही घेतलं, आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या राहून जेवलो. संध्याकाळी ती वह्या आणि खाकी कागद घेऊन कव्हरं घालायला माझ्याकडे आली. मी कागदाला घडी घातली, नखाने ती दाबत नेली, कात्री चालवली. तिसऱ्या वहीला तिची मान एका बाजूला कलली होती. वह्या संपल्या तेव्हा तिने दप्तरातून जुनी, आधीच कव्हर घातलेली एक वही काढली आणि म्हणाली, “काकू, हिलाही परत घाल ना.”