सीताबर्डीचा किल्ला: तीन दिवस पुरेसे नाहीत

रामदासपेठेतल्या हॉटेलांत रोज बाहेरगावचे पाहुणे उतरतात. त्यांनी विचारले, "इथे पाहण्यासारखे काय?" तर पलीकडच्या टेकडीवरील सीताबर्डीचा किल्ला आम्ही दाखवतो, पण लांबूनच. किल्ला लष्कराच्या ताब्यात असून सर्वसामान्यांसाठी २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट असे तीनच दिवस उघडतो. नेमके हे सुट्टीचे दिवस. बाजारही बहुतांशी बंद असतो. मग पाहुणा खरेदी कुठे करणार?

प्रश्न केवळ गल्ल्याचा नाही. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी याच टेकड्यांवर अप्पासाहेब भोसल्यांचे सैन्य इंग्रजांशी लढले. एकीकडे इंग्रज रेसिडेन्सी, दुसरीकडे भोसल्यांचे शहर, मध्ये या टेकड्या. म्हणजे दोन सत्तांची सीमाच. भोसल्यांच्या अरब शिपायांनी लहान टेकडी जिंकली होती, पण ती हातची गेली. त्यानंतर इंग्रजांनी येथे किल्ला बांधला. १८५७ च्या उठावात फाशी गेलेले नवाब कादर अली व त्यांचे आठ साथीदार यांच्या कबरी याच किल्ल्यात आहेत. आपल्या किती मुलांना हे ठाऊक आहे?

लष्कराची अडचण आम्ही जाणतो. परंतु आग्र्याच्या किल्ल्याचा मोठा भाग लष्कराकडे असूनही उरलेला भाग लोकांना रोज पाहता येतो. तसा ठरलेला मार्ग आखून येथेही आठवड्यातून एक दिवस प्रवेश द्यावा. सोबत माहिती सांगणारा जाणकार हवा, आणि त्याने भोसले, अरब, इंग्रज व १८५७ चे शहीद या सर्वांची हकीकत सांगावी. एकाचीच बाजू सांगणे म्हणजे खोटे माप देणे.

दुसरी गोष्ट डागडुजीची. जुन्या चुन्याच्या बांधकामावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते आणि दगड झिजतो. हे काम चुना मळणारा गवंडी आणि दगड घडवणारा पाथरवट यांचेच आहे. हे हुन्नर आता मोजक्या हातांत उरले आहे. काम मिळाले तरच मुलगा बापाकडून ते शिकेल.

व्यापारी बांधवांनो, नुसती कुरकुर करून दार उघडत नाही. बर्डी, रामदासपेठ व धंतोलीच्या दुकानदारांनी एकत्र सह्या करून जिल्हाधिकारी व लष्करी अधिकाऱ्यांकडे अर्ज द्यावा. त्या अर्जावर पहिली सही करण्यास आम्ही तयार आहोत.