कासवाचं पिल्लू घरात नकोच

शुभ म्हणून कासवाचं पिल्लू आणून त्याच्यासाठी घरात पेटी करायचा विचार आहे? थांबा. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या विष्ठेतही साल्मोनेला जंतू असू शकतात. पाठीवरून, फरशीवरून ते रांगत्या बाळाच्या तोंडात जातात. मग जुलाब, ताप. क्वचित रक्तातही संसर्ग. म्हणूनच अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी आहे. आपल्याकडे तर तारा कासव पाळणं हा वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे.

आधीच आणलं असेल, तर रंकाळ्यात सोडू नका. ते जमिनीवरचं, पाण्यात बुडेल. वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा आणि तोवर हाताळल्यावर साबणाने हात धुवा. शुभच हवं असेल, तर देवळातल्या दगडी कासवाला नमस्कार करा.