दुकानांतल्या दोन तसबिरी

गेल्या आठवड्यांत आमच्या एका जुन्या वर्गणीदाराचें पत्र आलें. गृहस्थ धंद्यानें शिंपी. त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा पायाच्या दुखण्यामुळें वर्षभर शाळेंत जाऊं शकला नाहीं, म्हणून आईबाप त्याला दुकानांतच मशीनशेजारीं बसवून शिकवितात. पुढें मुक्त विद्यालयाच्या परीक्षेला बसवावें असा त्यांचा विचार आहे. गणित आई घेते, मराठी बाप घेतो. गाडें अडलें आहे तें इतिहासाशीं. दुकानांत लोकमान्य टिळकांची तसबीर आहे, ती पत्रलेखकाच्या आजोबांनीं लावलेली. शेजारीं जोतीराव फुल्यांची आहे, ती वडिलांनीं लावलेली. आजवर ह्या दोन्ही तसबिरी एकाच भिंतीवर सुखानें नांदल्या. परवां कोणा तरुणानें मोबाईलवर त्या मुलाला दाखविलें कीं, ह्याच टिळकांनीं अथणीच्या सभेंत शिंप्याकुणब्यांची टर उडविली होती. तेव्हांपासून मुलगा विचारतो, "आपल्याला हिणवणाऱ्याची तसबीर आपण कां लावली? काढूं का?" बाप लिहितो, "संपादकसाहेब, मला उत्तर देतां येईना. काय सांगूं?"

हा प्रश्न एका शिंप्याचा नव्हे. ज्या ज्या घरांत मूल आईबापांच्या तोंडून इतिहास ऐकतें, मग तें शाळेंत जात असो वा नसो, त्या प्रत्येक घराचा हा प्रश्न आहे. शाळेंत मास्तर चुकीचें बोलला तर घरीं दुरुस्त करतां येतें. घरींच चुकीचें शिकविलें तर दुरुस्त कोण करणार? तेथें इन्स्पेक्टर येत नाहीं. लहान मुलाला बापाचा शब्द म्हणजे वेदवाक्य, आणि वेदवाक्य म्हणून कांहींही गळीं उतरविण्याचे परिणाम काय होतात हें आमच्या समाजाइतकें कोणास ठाऊक आहे?

मुलाला गप्प करायचें तर दोन सोपीं उत्तरें तयार आहेत. एक असें कीं, "मोठ्या माणसांविषयीं असें बोलूं नये, ते लोकमान्य होते." दुसरें असें कीं, "काढून फेक ती तसबीर, तो आपला वैरी होता." आमच्या पत्राकडून पुष्कळांस दुसऱ्या उत्तराची अपेक्षा असेल. आम्ही दोन्ही देत नाहीं. मुलानें प्रश्न विचारला आहे, आणि हीं दोन्ही उत्तरें प्रश्नाचें तोंड बंद करणारीं आहेत.

प्रथम अथणीचें. ती गोष्ट खरी आहे. १९१७ सालीं माँटेग्यूसाहेब हिंदुस्थानांत यावयाच्या सुमारास ब्राह्मणेतरांनीं कायदे कौन्सिलांत स्वतंत्र जागा मागितल्या होत्या. त्या मागणीचा समाचार घेतांना अथणीस टिळकांनीं विचारलें त्याचा मतलब असा कीं, हे लोक कौन्सिलांत जाऊन करणार काय? शिंपी तेथें सुई चालविणार कीं कुणबी नांगर धरणार? हें वाक्य झांकूं नका. ज्याचा बाप मशीनवर बसून पोट भरतो त्या मुलाला तें झोंबलें, आणि झोंबावें असेंच तें आहे. पुढें काय झालें तेंही त्याला सांगा. १९१९ च्या कायद्यानें मुंबई इलाख्याच्या कौन्सिलांत मराठे व तत्सम जातींसाठीं सात जागा राखून ठेवल्या गेल्या. माणसें तेथें गेलीं. त्यांनीं नांगर धरला नाहीं आणि सुईही चालविली नाहीं. शेतसारा, शिक्षण, पाणी, वतनें ह्यांवर तीं बोललीं.

आतां अथणीच्या मागें एक वर्ष जा. १९१६ सालीं लखनौच्या काँग्रेसमध्यें ह्याच टिळकांनीं सांगितलें कीं, स्वराज्याचे हक्क केवळ मुसलमानांस दिले, केवळ रजपुतांस दिले, किंबहुना हिंदूंतील अगदीं खालच्या वर्गांस दिले, तरी आमची तक्रार नाहीं. ह्या सभेंतलें तोंड आणि अथणीच्या सभेंतलें तोंड एकच. आणखी एक गंमत मुलाला जरूर सांगावी. टिळकांचे विरोधक त्यांना 'तेल्यातांबोळ्यांचे पुढारी' म्हणून हिणवीत असत. ज्याला तेल्यातांबोळ्यांच्या नांवानें चिडविलें, त्यानेंच पुढें शिंप्याकुणब्यांना चिडवावें, हें कसें? मुलगा हें विचारील. बापाला उत्तर येत नसेल तर त्यानें तसें म्हणावें. "मलाही उलगडत नाहीं, आपण दोघे शोधूं" हें वाक्य आमच्या घरांत फार थोड्या बापांच्या तोंडून निघतें.

ह्याहून जुनी एक हकीकत आम्हांला स्वतःला फार मोलाची वाटते. १८८२ सालीं टिळक आणि आगरकर ह्या दोघां तरुण संपादकांवर कोल्हापूर प्रकरणीं खटला झाला. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होतो असें त्यांनीं छापलें आणि दिवाण बर्व्यांनीं त्यांना कोर्टांत खेंचलें. त्या वेळीं दहा हजार रुपयांचा जामीन कोण राहिला? जोतीरावांच्या सांगण्यावरून त्यांचे मित्र रामशेट उरवणे राहिले. दोघेही १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगांत काढून सुटले तेव्हां सत्यशोधकांनीं त्यांचा सत्कार केला. आणि ज्या जोतीरावांनीं हें केलें, त्यांच्या मराठीच्या चुका काढून निबंधमालेंत चिपळूणकरांनीं त्यांची थट्टा केली होती. ते चिपळूणकर ह्याच दोघांचे स्नेही व न्यू इंग्लिश स्कुलांतले सोबती! जोतीरावांनीं जामीन देवविण्याआधीं हा हिशेब मांडला नाहीं. आमच्या पत्रलेखकाच्या भिंतीवर ज्या दोन तसबिरी आहेत, त्यांचा खरा संबंध प्रथम एवढा होता. आजोबांना व वडिलांना तो ठाऊक असो वा नसो.

पुढें वाटा फुटल्या. ज्या कोल्हापूरच्या गादीसाठीं तुरुंग पाहिला, त्याच गादीवरच्या शाहूमहाराजांना वेदोक्ताचा अधिकार नाकारला गेला तेव्हां १९०१ सालीं केसरीनें त्या मागणीला खूळ ठरविलें. घरांत कोणी म्हणेल, मंत्र वेदोक्त झाले काय नि पुराणोक्त झाले काय, पोट थोडेंच भरतें! मुलाला समजावून सांगा कीं, प्रश्न मंत्राचा नव्हता. राजा असूनही आपल्याच पदरच्या भटजीनें त्याला शूद्र म्हणावें आणि विद्वान संपादकानें भटजीची बाजू उचलावी, हा प्रश्न होता.

पत्रावरून दिसतें कीं त्या घरांत आठ वर्षांची एक मुलगीही आहे. भावाचा धडा चालला असतां तीही काजें करीत ऐकते. तिच्यापुढें १८९१ चा संमतिवयाचा कायदा कसा सांगावा? बंगाल्यांत फुलमणी नांवाची दहाअकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या हातून मेली, आणि सरकारनें वयाची मर्यादा दहावरून बारा केली. टिळकांनीं ह्या कायद्याला कडवा विरोध केला. त्यांचें म्हणणें, परक्या सरकारनें आमच्या धर्मांत हात घालूं नये. त्यांनीं उलट असेंही सुचविलें कीं, सुधारकांना एवढी कळकळ आहे तर सोळा वर्षांपूर्वीं मुलीचें लग्न करणार नाहीं अशी शपथ त्यांनीं आधीं स्वतः घ्यावी. हा टोला सुधारकांना बरोबर बसणारा होता. पण फुलमणीला त्याचा काय उपयोग? मुलीला आज सगळा तपशील सांगूं नका, त्याचें वय यायचें आहे. आज एवढेंच सांगा कीं, एके काळीं तुझ्याएवढ्या पोरींचीं लग्नें होत, कायद्यानें त्यांना थोडा आसरा दिला, आणि कांहीं थोर म्हणविणारीं माणसें त्या कायद्याच्या आड आलीं. उरलेलें चौदा-पंधरा वर्षांची होईल तेव्हां आईनें सांगावें. वय पाहून कमी सांगणें हें खोटें सांगणें नव्हे. मात्र आज सांगितलेलें उद्यां मागें घ्यावें लागूं नये.

आणि त्याच टिळकांनीं १८९७ सालीं दीड वर्षाच्या सक्तमजुरीची शिक्षा झेलली, १९०८ सालीं सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा ऐकली आणि मंडालेस काढली. १९१८ सालीं मुंबईच्या अस्पृश्यतानिवारक परिषदेंत, देवाला अस्पृश्यता मान्य असेल तर मी त्याला देव म्हणणार नाहीं, अशा अर्थाचें भाषण करून त्यांनीं टाळ्या घेतल्या. त्याच परिषदेच्या प्रतिज्ञापत्रकावर सही मात्र केली नाहीं. ह्या एका दिवसाची गोष्ट मुलाला नीट सांगितली तर टिळक काय होते हें त्याला दहा धड्यांहून अधिक कळेल.

आमचें मत कोणी विचारील तर आम्ही लपवीत नाहीं. परक्या सत्तेपुढें हा पुरुष वांकला नाहीं, आणि घरच्या जुलमापुढें उभें राहण्याची वेळ आली तेव्हां बहुतेकदां जुलमाच्या बाजूस उभा राहिला. मंडालेमुळें अथणी पुसली जात नाहीं, अथणीमुळें मंडाले पुसलें जात नाहीं. दोहोंची वजाबाकी करून शिल्लक काढावी असें हें वाण्याचें खातें नव्हे.

येथवर वाचून आमचे वाचक मान डोलावीत असतील. आतां दुसऱ्या तसबिरीकडे वळूं. घरच्या शाळेची कसोटी खरी तेथेंच आहे.

जोतीरावांना आम्ही गुरु मानतों. पण मुलाला 'गुलामगिरी' वाचून दाखवाल तेव्हां त्यांतला मत्स्य, कच्छ, वराह हे इराणांतून आलेल्या भटांचे सरदार होते हा भाग इतिहास म्हणून शिकवूं नका. आजचे अभ्यासक तो तसाच्या तसा मानीत नाहींत. ज्या पुराणांनीं शूद्राला दासपण शिकविलें, तींच पुराणें उलटीं करून त्याच्या हातीं देण्याची ती १८७३ ची युक्ति होती. तीं वाचून माणसें जागीं झालीं, हें खरें. मुलाला ती युक्ति म्हणूनच समजावी. जोतीरावांना पेशवाई बुडून इंग्रज आले ही सुटका वाटली आणि १८५७ च्या बंडाकडे त्यांनीं आपुलकीनें पाहिलें नाहीं, हेंही चोरूं नका. कोणी ना कोणी तें मुलाला मोबाईलवर दाखविणारच आहे. त्याआधीं बापानें दाखवावें, आणि सोबत हेंही दाखवावें कीं त्याच जोतीरावांनीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहून गोऱ्या अंमलदारांच्या ऐषआरामाचे वाभाडे काढले, १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें शेतकऱ्याच्या पैशावर वरच्यांचीं पोरें शिकतात असें ठणकावलें, आणि १८८८ सालीं पुण्यांत राणीच्या पुत्रापुढें शेतकऱ्याच्या फाटक्या वेषांत उभें राहून ह्या देशाची दैना राणीला कळवा म्हणून सांगितलें.

आमच्या चळवळीनें स्वतः काय केलें? १९२५ सालीं पुण्यांत फुल्यांच्या पुतळ्यावरून वाद पेटला असतां जवळकरांनीं 'देशाचे दुश्मन' लिहिलें व चिपळूणकर-टिळकांवर शिव्यांची लाखोली वाहिली. खटला झाला, शिक्षा झाल्या. १९२६ सालीं डॉ. आंबेडकरांनीं वकीलपत्र घेऊन अपिलांत आरोपींना सोडविलें. तो संताप फुकाचा नव्हता. पन्नास वर्षें गिळलेला अपमान होता. पण त्या पुस्तकावरून कोणी मुलाला टिळक शिकवूं लागला तर आम्ही त्याला थांबवूं. निबंधमालेवरून फुले शिकविणाऱ्याला आम्ही थांबवितों, तितक्याच जोरानें.

कोणी म्हणेल, संपादक लिहून मोकळे झाले. दिवसभर काजेंबटणें करणाऱ्यानें हें सगळें आणायचें कोठून? अडचण खरी आहे. फुल्यांचें समग्र वाङ्मय सरकारनें छापलेलें आहे आणि बऱ्याच तालुक्यांच्या ग्रंथालयांत मिळतें. टिळकांचे केसरींतले लेखही पुस्तकरूपानें आहेत. दोन्ही आणा, सारें वाचूं नका, आठवड्याला दोन पानें पुरेत. ज्या आईला वाचतां येत नाहीं तिनेंही शिकवूं नये असें नाहीं. मुलानें मोठ्यानें वाचावें आणि तिनें प्रत्येक वाक्याला विचारावें: हें कोण म्हणतो? केव्हां म्हणाला? त्यानें डोळ्यांनीं पाहिलें कीं ऐकलें? त्यानें कोणाचें भलें झालें, कोणाचें नुकसान? बाजारांत बी-बियाणें घेतांना ती दुकानदाराला हेंच विचारते आणि सहसा फसत नाहीं. मुलाच्या वहींत डाव्या पानावर टिळकांनीं केलेलें सालवार लिहावें, उजव्या पानावर बोललेलें. फुल्यांसाठींही तशीच दोन पानें. शेवटीं शेरा मारण्याची घाई बापानें करूं नये. पान कोरें राहिलें तर राहूं द्यावें.

राहतां राहिली तसबीर. ती काढा असें आम्ही सांगणार नाहीं, ठेवा असेंही सांगणार नाहीं. ती ज्या आजोबांनीं लावली त्यांनीं ती कां लावली हें घरांतल्या थोरल्या माणसास विचारून मुलानें आधीं वहींत टिपून घ्यावें. ते कोणत्या सभेला गेले होते, कोणाची वर्गणी दिली होती, कीं नुसती बाजारांत स्वस्त मिळाली म्हणून आणली होती, हाही इतिहासच आहे आणि तो कोणत्याही पुस्तकांत सांपडणार नाहीं. मग डावें-उजवें पान भरून झाल्यावर, वर्षाअखेर, त्यानेंच खुर्चीवर चढून तसबीर पुसावी किंवा उतरवावी. जें करील तें त्यानें आपल्या हातानें आम्हांस लिहून कळवावें. कारणासह लिहिलें तर ह्याच पानावर आम्ही तें छापूं, मग तें आमच्या मताविरुद्ध असलें तरी.