इंजिनाला काटा आहे, ड्रायव्हरला नाही

उन्हाळी नांगरट सुरू झाली की दर वर्षी गावोगाव तेच ऐकू येते. अमक्याच्या ट्रॅक्टरचे हेड गेले, तमक्याची जुनी जीप घाटात उकळली. मेकॅनिक म्हणतो गाडी जुनी झाली. विक्रेता म्हणतो नवी घ्या, कर्जाचे आम्ही बघतो. आमचे म्हणणे वेगळे आहे. जुनी डिझेल गाडी वयाने मरते त्याहून जास्त वेळा उष्णतेने मरते, आणि ते मरण बहुतेक वेळा टाळता येते. कोरडवाहू शेतकऱ्याला नवे कर्ज डोक्यावर घेण्याआधी जुन्या इंजिनाचा हिशेब कळलाच पाहिजे.

तो हिशेब साधा आहे. जाळलेल्या डिझेलपैकी सुमारे तिसरा हिस्सा कामाला येतो. जवळजवळ तेवढाच सायलेन्सरमधून धुराबरोबर जातो. उरलेल्याचा मोठा भाग रेडिएटरच्या पाण्यावाटे हवेत टाकावा लागतो. रेडिएटर ही उष्णता टाकतो ती पाणी आणि हवा यांच्या तापमानातील फरकावर. पाणी 90 अंशांवर आणि हवा 30 अंशांवर असेल तर फरक 60 अंशांचा. मे महिन्यात आपल्याकडे हवाच 45 अंशांवर जाते, फरक उरतो 45. म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा, पण थंड करण्याची ताकद पाव हिश्शाने घटलेली. आणि नेमक्या याच महिन्यात आपण इंजिनाकडून खोल नांगरटीचे सर्वात जड काम घेतो. हिवाळ्यात जी कसर खपून जाते ती मे महिन्यात खपत नाही.

ही कसर कोठे असते? पहिली पाण्यात. आपल्या बोअरचे पाणी जड, क्षाराचे. चहाच्या भांड्यात जो पांढरा थर बसतो तोच इंजिनाच्या आतल्या वाटांत बसतो आणि लोखंडातली उष्णता पाण्यापर्यंत पोहोचू देत नाही. म्हणून बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये घालू नये. पहिले दोन-तीन पाऊस जाऊ देऊन छपरावरचे स्वच्छ पाणी कॅनमध्ये भरून ठेवा, ते फुकट आहे आणि मऊ आहे. त्यात कूलंट मिसळावे, कारण ते गंज रोखते आणि उकळण्याचा अंशही वाढवते. मात्र कूलंट चवीला गोड असते आणि जहरी असते. सांडलेले किंवा काढलेले कूलंट लेकरांच्या आणि गुराढोरांच्या वाटेत ठेवू नका.

दुसरी कसर टोपणात. रेडिएटरचे टोपण म्हणजे नुसते झाकण नव्हे. ते आत दाब धरून ठेवते, त्यामुळे पाणी 100 अंशांऐवजी सुमारे 110 अंशांवर उकळते. टोपणाचे रबर गेले की ही सवलत संपली. तिसरी जाळीत. मळणी यंत्र किंवा पऱ्हाटी कुटण्याचे यंत्र चालवताना ट्रॅक्टर एका जागी उभा असतो. ज्वारीचे भूस, कापसाचे तंतू, धूळ, सगळे पंखा ओढतो आणि जाळीत कोंबतो. दिवसातून दोनदा जाळी झटका. इंजिन थंड झाल्यावर इंजिनाच्या बाजूने बाहेर, हलक्या धारेने पाणी मारा. जोराच्या धारेने पात्या वाकतात. चौथी पट्ट्यात. पट्टा ढिला असेल तर पंखा आणि पाण्याचा पंप दोन्ही घसरतात.

थर्मोस्टॅट काढून फेकण्याची सवय तर सर्रास आहे. "काढून टाका, इंजिन थंड राहील," असे सांगितले जाते. हा सल्ला चुकीचा आहे. थर्मोस्टॅट नसेल तर थंडीत इंजिन लवकर तापत नाही, डिझेल पुरते जळत नाही, ऑइल खराब होते, झीज वाढते. काही इंजिनांत तर गरम पाणी रेडिएटरकडे न जाता आतल्या आत फिरत राहते आणि इंजिन उलट जास्त तापते. बिघडलेला थर्मोस्टॅट बदलावा, काढू नये.

काटा लालीकडे सरकला तर काय करायचे, हे गाडीवर बसणाऱ्या प्रत्येकाला पाठ असावे. भार कमी करा, नांगर उचला, आणि पट्टा व पाणी शाबूत असेल तर इंजिन बिनभाराचे थोडा वेळ चालू ठेवा, म्हणजे पाणी फिरत राहील. पट्टा तुटला असेल किंवा पाणी वाहून गेले असेल तर मात्र लगेच बंद करा. तापलेले टोपण उघडू नका, उकळते पाणी तोंडावर उडते. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला चीर जाते. ऑइल दुधाळ दिसले तर गाडी चालवणे थांबवा, पाणी ऑइलमध्ये शिरले आहे.

इथपर्यंत यंत्राचे झाले. आता माणसाचे.

इंजिन हवेपेक्षा गरम असते म्हणून ते हवेत उष्णता टाकू शकते. माणसाची कातडी सुमारे 35 अंशांवर असते. हवा 45 अंशांवर गेली की ती माणसाला थंड करीत नाही, तापवते. मग उरतो फक्त घाम. त्यात ट्रॅक्टरवाल्याच्या पुढे इंजिन, पायाखाली तापलेली गिअर पेटी, डोक्यावर ऊन. जुन्या जीप-टेम्पोत इंजिनाकडच्या पत्र्याला भोके पडलेली असतात, त्यातून गरम हवा आणि धूर दोन्ही पायांवर येतात. ती भोके बुजवणे, सायलेन्सरची गळती बंद करणे, पत्र्यावर उष्णता अडवणारा थर लावणे ही एका दुपारची कामे आहेत. ट्रॅक्टरला छत बसवा, वरून पांढरा रंग द्या, पत्र्याखाली थोडी पोकळी सोडून दुसरे अस्तर लावा.

सरकारने 3.5 टनांपेक्षा जड मालट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची केली, 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या ट्रकांना. निर्णय चांगला आहे. पण ट्रॅक्टर त्यात नाही, कापूस वाहणारा छोटा टेम्पोही नाही. शहराकडे माल नेणाऱ्याचा घाम दिसला, शेतातल्याचा दिसला नाही. आम्ही ट्रॅक्टरला वातानुकूलन मागत नाही, तो खर्च शेवटी आपल्याच बोकांडी बसेल. कारखान्यातूनच छत आणि उष्णता अडवणारा पत्रा मिळावा, एवढे तरी मागणे रास्त आहे.

पण सगळे सरकारवर ढकलून चालणार नाही. भर दुपारी दीड वाजता सालदाराला किंवा भाड्याच्या ड्रायव्हरला नांगरावर बसवणारा कोण? आपल्यातलाच कोणी. एकरी भाव ठरला की घाई मालकाची आणि ऊन ड्रायव्हरचे. आपल्या घामाचे दाम मागणाऱ्यांनी दुसऱ्याच्या घामाचा हिशेब ठेवला नाही तर आपल्या मागणीत जोर कोठून येणार? पहाटे पाच ते दहा आणि सायंकाळी पाचनंतर नांगरट करता येते. इंजिनालाही तेच मानवते.

एक गोष्ट आपल्या पदरात पडली आहे, ती घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरचा रेडिएटर आणि इंजिन थंड ठेवणारे सुटे भाग यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्के झाला. जीप-टेम्पोच्या भागांवर मात्र 18 टक्के आहे. दुकानदाराकडून पक्के बिल घ्या आणि कापसाची पट्टी तपासता तसा त्यावरचा दर तपासा.

जिल्हा बैठकीपुढे आमच्या तीन सूचना आहेत. प्रत्येक गावात नांगरटीआधी एक दिवस ठरवून सगळ्या ट्रॅक्टरांचे पाणी, टोपण, पट्टा आणि जाळी तपासावी. मे महिन्यात सकाळी अकरा ते चार ट्रॅक्टर शेतात चालणार नाही, असा ठराव गावाने करावा आणि भाड्याचा भाव त्याच हिशेबाने ठरवावा. आणि प्रत्येक ट्रॅक्टरवर पाण्याचा कॅन, ओला पंचा आणि साखर-मिठाचे पाणी असावे: लिटरभर पाण्याला सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. ड्रायव्हर बरळू लागला, अंग तापले, तर सावलीत घ्या, अंग ओले करा, वारा घाला आणि 108 ला फोन लावा.

इंजिन बिघडले तर पुन्हा बांधता येते. ठरावावर हात वर करताना एवढे ध्यानात ठेवावे.