हार घालण्याआधी फोटो लावा



आपल्याकडे बाईचा फोटो भिंतीवर चढतो तो बहुधा ती गेल्यावर, हार घालून. म्हणून जिल्हा बैठकीच्या मंडपात आंदोलनातल्या बायांचे मोठे फोटो लावावेत अशी सूचना आम्ही मांडली, तेव्हा काही भाऊ हसले. फोटो लावून कापसाला क्विंटलमागे शंभर रुपये जास्त मिळणार आहेत काय, असा त्यांचा सवाल.

नाही मिळणार. पण भावासाठी रस्त्यावर बसले कोण? 9 आणि 10 नोव्हेंबर 1986 ला नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले. लाखांनी बाया आल्या, भाकरी बांधून, लेकरे कडेवर घेऊन. त्या गर्दीच्या फोटोत एकीचेही तोंड ओळखू येत नाही. पुढाऱ्यांची तोंडे मात्र आपल्याला पाठ आहेत. चांदवडला गेलेल्या आपल्या गावच्या बाया आज साठी-सत्तरीच्या पुढे आहेत. दरसाल एकदोघी कमी होतात.

पी. साईनाथ यांनी 1993 ते 2002 या काळात दहा राज्यांत हिंडून राबणाऱ्या खेड्यातल्या बायांचे फोटो काढले. त्यांचे प्रदर्शन एसटी स्टँडवर, कारखान्यांच्या फाटकाशी, शेतमजुरांच्या मेळाव्यांत मांडले गेले. त्याच्या नावाचा अर्थच असा, की काम दिसते, बाई दिसत नाही. सरकी टोबायची तिने, निंदायचे तिने, वेचायचे तिने, ज्वारीची कणसे खुडायची तिने. काटा झाल्यावर पट्टी फाटते ती नवऱ्याच्या नावाने.

मात्र प्रदर्शन करायचे तर नीट करा. पुढाऱ्याच्या बायकोचा फोटो आधी, असे चालणार नाही. फोटोखाली 'अमक्याची मंडळी' न लिहिता तिचे स्वतःचे पूर्ण नाव हवे. कोणत्या रास्ता रोकोत होती, किती दिवस तुरुंगात काढले, कोणते दारू दुकान बंद पाडले, ते तिला विचारून लिहा. फोटो नको म्हणाली तर नको. पदर घ्यायचा की नाही, हेही तिलाच ठरवू द्या. (खर्चाचे रडगाणे नको. चौकातल्या वाढदिवसाच्या एका फ्लेक्सच्या पैशात बरेच फोटो होतात.)

आणि शेवटची ओळ: सातबारावर नाव आहे की नाही.

हीच ओळ पुष्कळांना बोचेल, हे आम्हाला ठाऊक आहे. वडिलार्जित जमिनीत लेकीला हक्क राज्याने 1994 साली आणि केंद्राने 2005 साली दिला. नवरा हयात असताना बायकोचे नाव मात्र त्याने मनावर घेतले तरच लागते. 1990 च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीत गावोगाव शंभर-शंभर घरांनी बायकोच्या नावे जमीन केली, ती याच संघटनेच्या शब्दावर. पुढे आपण थंडावलो. नवऱ्याने फास घेतल्यावर वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे खेटे घालणाऱ्या बहिणी आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत.

तेव्हा प्रत्येक गावाने एक तरी फोटो आणावा, सोबत सातबाराचा उतारा. बैठक संपली की हेच फोटो वेचणीच्या दिवसांत जिनिंगच्या फाटकाशी लावू. गाड्यांची रांग तिथे तासन्‌तास उभी असते; वाचायला वेळ भरपूर मिळेल.