चाकरमानी नसतानाचे चार महिने



हिवाळ्याचा विषय निघाला की घाटावरचे पाहुणे आम्हाला हसतात. "कोकणात कसली थंडी? गोधडी तरी लागते का तुम्हाला?" म्हणतात. त्यांचे बोलणे खोटे नाही. नाटे गावाला समुद्राची ऊब आहे. निफाडसारखा पारा इथे कधी उतरत नाही. पहाटे अंगणात शेकोटी पेटते ती वर्षातून आठ-पंधरा दिवस.

पण शेतकऱ्याचा हिवाळा पाऱ्यावर मोजायचा नसतो, कामावर मोजायचा असतो. तसा मोजला तर कोकणातल्या शेतकऱ्याचे सगळे वर्ष नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत ठरते. आणि नेमक्या याच चार महिन्यांत गावात माणसे सगळ्यांत कमी असतात. गाडी, डॉक्टर, वीज आणि खबर यांच्याकडे बघायलाही कोणाला सवड नसते. जिल्ह्याच्या बैठकीपुढे आम्हाला एवढेच मांडायचे आहे.

वर्ष इथे ठरते

दिवाळीच्या मागेपुढे भात कापून, झोडून घरात येते. बाहेरच्या माणसाला वाटते, आता शेतकरी शिमग्यापर्यंत मोकळा. प्रत्यक्षात ओल आहे तोवर कुळीथ, पावटा, चवळी पेरायची. सड्यावरचे गवत कापून, पेंढ्या बांधून उडवी रचायची. वाहता वऱ्हा अजून जिवंत आहे तोवर पिशव्यांत माती भरून वनराई बंधारा घालायचा. मळ्यात माठ, मुळा, वांगी, मिरची लावायची आणि रोज शिंपायची. पुढच्या भाताच्या दाढीसाठी कवळ तोडून आणायची. यातले निम्म्याहून जास्त काम बायका करतात आणि ते कोणत्याही रजिस्टरात चढत नाही.

त्यावर येतो मोहोर. हापूसला मोहोर फुटायला रात्रीचा गारवा लागतो. मोहोरापासून काढणीपर्यंत तीन-चार महिने जातात. म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरचा मोहोर टिकला तर मार्च-एप्रिलला पेटी वाशीला जाते आणि भाव मिळतो. तो गेला आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या मोहोरावर राहिलो, तर फळ मे महिन्यात सगळ्यांबरोबर येते आणि बरेचसे कॅनिंगला किलोच्या दराने जाते. झाड तेच, खत तेच, मेहनत तीच. फरक फक्त डिसेंबरातल्या काही दिवसांचा.

हा मोहोर राखायचा म्हणजे काय? आभाळाला मळभ आले की तुडतुडे आणि भुरी आलीच. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकाप्रमाणे हंगामात पाच-सहा फवारण्या लागतात. जुन्या मोठ्या कलमाला एका वेळी दहा लिटर द्रावण धरा. शंभर कलमांना एक हजार लिटर, सहा फवारण्यांना सहा हजार लिटर पाणी. हे पाणी कातळावर चढवायचे आहे. पंपाला पेट्रोल, नळी धरायला गडी, औषध तालुक्याहून. यातली एक गोष्ट चार दिवस उशिरा आली तर बाकीच्या वेळेवर आलेल्या फुकट जातात.

निसर्गही सांगून येत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळ आले. १ आणि २ डिसेंबर २०२१ ला ऐन मोहोरात अवेळी पाऊस झाला. त्या दिवसांत एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप चालू होता. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला तो संप एप्रिल २०२२ पर्यंत मिटला नाही. कामगारांच्या मागण्या त्यांच्या जागी. पण पूर्ण एक हिवाळा गावोगावच्या फाट्यावर लाल गाडी दिसली नाही, आणि ज्यांच्याकडे स्वतःचे वाहन नव्हते त्यांनी तो कसा काढला याचा हिशेब कोणीच मागितला नाही.

गाव कोण चालवते?

हिशेब का मागितला जात नाही, त्याचे कारण साधे आहे. कोकणाकडे लक्ष जाते ते चाकरमान्याच्या बरोबर. गणपतीला तो येतो, तेव्हा जादा रेल्वे, जादा एस.टी., महामार्गावर खड्डे बुजवायची धावपळ. शिमग्याला येतो, मे महिन्यात येतो, तेव्हा पुन्हा तेच. तो आमचाच मुलगा, भाऊ आहे. त्याच्या सोयीबद्दल आमची तक्रार नाही. पण डिसेंबरात तो मुंबईत असतो. गावात उरतात म्हातारी माणसे, बायका, शाळेतली पोरे, मुंबईला न गेलेले थोडे तरुण आणि बागेतल्या मांगरात राहून राखण करणारी नेपाळी कुटुंबे. कोकणाचे उत्पन्न ही माणसे काढतात. यांचा आवाज मंत्रालयापर्यंत जात नाही.

मोठ्या कामांसाठी मात्र सरकारला आमचा पत्ता पाठ आहे. खाडीपलीकडे माडबनच्या सड्यावर ९,९०० मेगावॅटची अणुवीज आखली गेली, सुमारे ९३८ हेक्टर जमीन संपादन झाली. १८ एप्रिल २०११ ला साखरी नाटे इथल्या आंदोलनात गोळीबार होऊन माणूस गेला, तेव्हा सारा देश इथे येऊन गेला. त्या प्रकल्पाचे भांडण आज इथे उकरायचे नाही. सांगायचे एवढेच की, ज्या भागासाठी हजारो मेगावॅटच्या फायली हलतात, त्या भागाला संध्याकाळची एक वस्तीची गाडी मागावी लागते.

सवलत आहे, गाडी कुठे आहे?

ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या वरच्यांना एस.टी. मोफत झाली. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट झाले. चांगले झाले. पण तिकिटाची सवलत गाडीत चढल्यावर मिळते. जिथे दिवसाला मोजक्या फेऱ्या आहेत आणि त्यातली एखादी चुकली की माणूस अडकतो, तिथे अर्ध्या तिकिटाचा फायदा अर्धाच. मासळीची पाटी घेऊन निघणारी बाई, कॉलेजची मुलगी, औषधाचा डबा आणायला गेलेला बागायतदार, यांना सवलतीच्या आधी वेळ हवी. सकाळी जायची आणि दिवेलागणीला परतायची खात्री हवी. ती नसली तर तालुक्याचे एक काम म्हणजे अख्खा दिवस. मोहोराच्या दिवसांत तो दिवस फार महाग पडतो.

दुसरी गोष्ट दवाखान्याची. गवत कापताना, कवळ तोडताना, दगड हलवताना फुरसे चावते. आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते. फुरश्याचे विष रक्त गोठू देत नाही. रक्त गोठते की नाही हे पाहायला स्वच्छ काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे थांबावे लागते. म्हणजे मोठे इस्पितळ नको. लस, एक नळी आणि ती वापरणारा शिकलेला माणूस रात्री जागेवर हवा. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यात आहे आणि तिने जीव वाचवले आहेत. पण पाखाडी उतरून, सडा ओलांडून, वळणावळणाने रत्नागिरी गाठेपर्यंत जी वेळ जाते ती कुठल्याच नंबरने परत येत नाही.

तिसरी गोष्ट खबरीची. फळपीक विमा हवामान केंद्राच्या आकड्यावर चालतो. केंद्र महसूल मंडळात एक, आणि मंडळात किनाऱ्यावरची बागही येते, आतल्या सड्यावरचीही. एका वाडीत मोहोर काळा पडतो आणि मशीनवर काहीच नोंद होत नाही, असे होऊ शकते. तेच मशीन आठवडाभर आधी मळभाची सूचना द्यायला वापरले तर फवारणी वेळेवर होईल. आज आकडा विमा कंपनीला लागतो म्हणून घेतला जातो. शेतकऱ्याला तो वेळेवर मिळावा म्हणून घेतला गेला पाहिजे.

"लोकसंख्या बसत नाही"

काही मागितले की उत्तर ठरलेले: निकषात बसत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राला सपाटीवर तीस हजार आणि डोंगराळ भागात वीस हजार लोकसंख्या लागते. उपकेंद्राला पाच हजार आणि तीन हजार. हे निकष डोकी मोजतात, अंतर मोजत नाहीत. कोकणातले गाव एका जागी नसते. ते दहा वाड्यांत, खाडीच्या दोन अंगांना आणि सड्याच्या वर-खाली पसरलेले असते. शिवाय मुंबईला गेलेली माणसे वजा केली की डोकी आणखी कमी. म्हणजे पोरे पोटासाठी गेली म्हणून सेवा कमी, आणि सेवा कमी म्हणून उरलेली पोरेही जाणार. हे चक्र असेच चालले तर कलमे राहतील आणि राखणारा कोणी राहणार नाही.

"परवडत नाही" असेही सांगतात. मग पुरा हिशेब मांडा. रत्नागिरीतून जाणारा आंबा, काजू, मासळी, आणि मुंबईला पुरवलेली माणसे एका बाजूला लिहा. संध्याकाळची गाडी आणि रात्रीचा डॉक्टर दुसऱ्या बाजूला लिहा. आम्ही उपकार मागत नाही. बागेला जसे औषध लागते तशी वेळेवरची गाडी लागते. दोन्ही उत्पादनाचाच खर्च आहे.

मागायचे काय?

बैठकीने पुढील गोष्टींवर ठराव करावा, असे आम्हाला वाटते.

नोव्हेंबर ते मार्च सकाळची आणि वस्तीची गाडी ठरल्या वेळी, रद्द न होता यावी. जिथे सरकारी गाडी देता येत नाही तिथे गावातल्या वडापवाल्याला सरळ परवाना द्यावा. आज तो लोकांची सोय करतो आणि भीत भीत करतो.

गवतकापणीच्या आधी प्रत्येक आरोग्य केंद्रात प्रतिविषाचा साठा आहे की नाही हे फलकावर लिहावे, आणि रात्री कोण हजर आहे तेही.

विजेच्या तारांवरच्या फांद्या मोहोराआधी तोडाव्यात आणि वीज बंद ठेवायची असेल तर आदल्या दिवशी वाडीवार कळवावे.

बंधाऱ्याच्या पिशव्या वऱ्हा आटल्यावर नकोत. दिवाळीच्या सुमारास गावात पोचाव्यात. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण जांभा तो धरत नाही. जे अडवायचे ते याच दिवसांत अडवावे लागते.

आणि निकष ठरवताना लोकसंख्येबरोबर अंतर धरावे.

हे सगळे २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मांडून उपयोग नाही. तोवर मोहोर लागलेला असतो किंवा गेलेला असतो. मांडायचे ते १५ ऑगस्टला, आणि पाठपुरावा करायचा २ ऑक्टोबरला. १५ ऑगस्ट हा गणपतीच्या आसपासचा काळ. त्या सभेला चाकरमान्यांनाही बोलवा. त्यांच्या मुंबईतल्या मंडळांची पत्रे मंत्रालयात वाचली जातात. त्यांनी यंदा एक पत्र स्वतःच्या प्रवासासाठी लिहावे आणि दुसरे, ते गावात नसताना मागे राहिलेल्या आईबापांसाठी.