ट्रॅक्टर ऑईल पितोय? थांबा, लगेच इंजिन उघडू नका



काल गावातल्या एका पोराचा फोन आला. "काका, ट्रॅक्टर ऑईल प्यायला लागलाय. मिस्त्री म्हणतोय हाफ इंजिनचं काम निघालंय." मी विचारलं, किती पितोय? तर म्हणे, "लई पितोय." लई म्हणजे किती? किती तासाला किती? कुणी मोजलंच नव्हतं. न मोजता चाळीस-पन्नास हजाराचं काम ठरून मोकळे. माझं भांडण याच्याशी आहे.

मी हे बोलतोय कारण पैसे मी स्वतः घालवलेत. 2018 च्या उन्हाळ्यात माझ्या ट्रॅक्टरचं असंच इंजिन उघडलं. लायनर, पिस्टन, रिंगा सगळं नवीन, बिल 42 हजार. त्यातले पंधरा मंडळींच्या बचत गटातून उचललेले. पुढच्या वर्षी उन्हाळी नांगरटीला परत निळा धूर! मिस्त्री म्हणाला, किट डुप्लिकेट निघालं असेल, परत उघडू. मला राग आला, पण त्या रागातच एअर क्लीनरपासून इंजिनाकडं जाणारा रबरी पाइप काढला अन् आत बोट फिरवलं. बोटाला कचकच माती. पाइपला क्लिपच्या कडेला खालून चीर पडली होती, वरून दिसतच नव्हती. रोटाव्हेटरची सगळी धूळ फिल्टरला टाळून थेट सिलेंडरमध्ये जात होती. माती लायनर-रिंगेला पॉलिश पेपरसारखी घासते, मग रिंग ऑईल खरवडत नाही, ऑईल वर चढून जळतं. म्हणजे पहिल्या वेळी दुखणं तसंच ठेवून फक्त मलमपट्टी झाली होती. नव्या इंजिनाला तोच फुटका पाइप परत बसवला होता!

म्हणून म्हणतो, आधी मोजा. ट्रॅक्टर सपाट जागेवर लावा, बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबा, डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत ऑईल भरा, मीटरचे तास वहीत लिहा. 25 तास काम झाल्यावर परत खुणेपर्यंत भरायला किती लागलं ते मापानं बघा. वरच्या खुणेच्या पुढं भरू नका, जास्तीचं ऑईलही इंजिन फेकतं अन् जाळतं.

मग बघा की ऑईल जळतंय का गळतंय. रात्री खाली पुठ्ठा टाका. टॅपेट कव्हर, फिल्टरची सील बघा. क्लच हाउसिंगच्या खालच्या भोकातून थेंब पडत असतील तर क्रॅंकच्या मागच्या सीलवर संशय घ्या. त्याला पिस्टन काय करणार? ब्रीदरचा पाइप पण बघा. माझ्या मेव्हण्याच्या ट्रॅक्टरच्या ब्रीदरमध्ये कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं. आतली हवा कोंडली की ऑईल सील-पॅकिंगमधून वाट काढतं. काडीनं काम झालं, खर्च शून्य.

गळत नसेल तर धूर बघा. सकाळी चालू करताना निळा भपका येऊन थांबतो, तर व्हॉल्व्हच्या गाइड-सीलवर संशय. नांगराला दाब आल्यावर निळा धूर सुरूच राहतो अन् ब्रीदरमधून जोरात बॅक मारतंय, तर मग रिंगांचं काम आहे, तिथं मिस्त्री बरोबर आहे. काळा धूर ऑईलचा नव्हे, तो डिझेल-हवेचा हिशोब. अन् धूर निळा पण डिपस्टिक खाली जात नाही, असं असेल तर ऑईल-बाथ एअर क्लीनरची वाटी बघा. शेजाऱ्यानं वाटी खुणेच्या वर भरली होती, इंजिन तेच ओढत होतं. त्याच्याही इंजिनाचा भाव ठरला होता बरं का.

आता मिस्त्री मंडळी मला शिव्या देतील. त्यांचंही ऐकतो. ते म्हणतात, "नुसतं बघायचे पैसे कोण देतो? शेतकरी पेरणीच्या आदल्या दिवशी ट्रॅक्टर आणतो अन् संध्याकाळी मागतो." हे खरं आहे, यात आपली चूक आहे. आपण 42 हजार देतो पण तपासणीचे पाचशे द्यायला कुरकुरतो. एअर क्लीनर साफ करायला आपल्याला वेळ नसतो. ऑईल कमी झालं की दुकानातून घट्ट होणारं औषध आणून ओततो, त्यानं चिरलेला पाइप सांधत नाही. तपासणीचे पैसे वेगळे द्या, पण त्या बदल्यात मिस्त्रीला एकच विचारा: रिंगा कशानं गेल्या? "जुना झालाय" हे उत्तर घेऊ नका. कॉम्प्रेशन मोजून दाखव म्हणा. गेज नसेल तर ज्याच्याकडं आहे त्याच्याकडं जा. अन् इंजिन उघडलंच तर नवीन होस अन् क्लिपा बिलात आधी लिहून घ्या.

त्या पोराला सांगितलंय, मिस्त्रीला थांबव. आज सकाळी त्यानं खुणेपर्यंत ऑईल भरलं, मीटर 3,112 तासावर आहे. पाइप काढून बोट फिरवायचं अजून बाकी आहे, उद्या मीच जातो. 25 तास झाले की आकडा इथंच टाकतो.